हिरवी टाचणी

गल्लीत तिला सगळे लोकरकाकू म्हणतात. हवा गार होऊ लागली की बायका उन्हाळ्यातल्या सँडल घेऊन तिच्या खोलीत येतात. काकू आत जाड लोकरी अस्तर लावते, उघड्या बोटांवर टोपी शिवते. परत देण्याआधी मात्र त्या अनवाणी पायांत चढवून खोलीभर फिरते. "काकू, आमच्या चपला तुम्हीच झिजवा!" गिऱ्हाइकं चेष्टा करतात. ती हसण्यावारी नेते. त्यामागची सकाळ तिने कुणाला सांगितलेली नाही.

त्या वर्षी मोठ्या जावेच्या सँडल होत्या. जावेला साखरेचा आजार. पावलं सुजून बुटात शिरत नसत आणि तळव्यांना काही कळेनासं झालं होतं. आदल्या वर्षी एक खडा रुतला, तिला पत्ताच नाही. जखम चिघळून उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला. "आता ओरखडासुद्धा नको, नाहीतर पाऊल जाईल," डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून काकूने सगळ्यात मऊ लोकर तिच्यासाठी राखून ठेवली, मन लावून शिवलं आणि संध्याकाळी सँडल पोचवल्या.

सकाळी नवं काम घेताना टाचण्यांची गादी पुढ्यात ओढली, आणि हात तिथेच थबकला. अस्तर सरकू नये म्हणून ती डाव्या पायाला सहा लाल टाचण्या लावायची, उजव्याला सहा हिरव्या. शिवून झालं की काढून पुन्हा गादीत. लाल सहा होत्या. हिरव्या पाच.

तिने चटई झटकली, कात्रणं उपसली, पदर चाचपला. नाही. मग आठवलं, उजवी सँडल संपवताना जावेचाच फोन आला होता, आणि गप्पांच्या नादात तिने काम हातावेगळं केलं होतं. दार सताड उघडं टाकून ती धावत सुटली.

जाऊ फाटकाशीच उभी होती. पायात त्याच सँडल, आत पांढरे मोजे.

"अगं धाकटे, वाघ लागलाय का मागे?"

"जाऊबाई, हलू नका! पाऊल उचलू नका."

"आता काय हलू नको? दूध आणून झालं, भाजी आणून झाली. काय झ्याक शिवल्यास गं! पायाला काही म्हणजे काही लागत नाही."

काकूने जावेला पायरीवर बसवलं, उजवी सँडल धरून हळूच ओढली. ती टोकाशी अडली. टोपीची शिवण काकूने दातांनी उसवली.

अस्तरातून उभी राहिलेली टाचणी मोज्याच्या टोकात आरपार घुसली होती. जिथे अंगठा असायचा, नेमकी तिथे. मोजा तेवढा रिकामा होता.

जावेने वाकून पाहिलं. क्षणभर तिचाही चेहरा उतरला, मग ती म्हणाली, "बघ, गेलेला अंगठा शेवटी कामाला आला."

काकूला हसू फुटेना. मोजा काढून, पाऊल मांडीवर घेऊन तिने चारही बोटं, बोटांमधल्या फटी, टाच, सगळं निरखलं. रक्त कुठेच नव्हतं. तरी तिने पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात केली.