पट्ट्याने सांगितलेला विटाळ

“मावशी, हात काढा. परातीला शिवू नका!”

मी वर बघायच्या आत मनगटावर काठी बसली. गॅलरीत कपडे वाळत घालायची काठी. मॅडमच्या सासूबाईंनी ती मुद्दाम आणली होती, कारण त्यांना मला शिवायचं नव्हतं. पुरणाचा गोळा हातातून सुटून फरशीवर पडला. काठीचं टोक माझ्या बरगडीत खुपसून त्यांनी मला ओट्यापासून मागे रेटलं. कचऱ्याच्या डब्याशेजारी.

दारात मॅडम उभी. अंगावर पैठणी, हातात फोन.

“अहो, मला आत्ता नोटिफिकेशन आलं,” ती म्हणाली. “तुमची पाळी आज सुरू झालीय. सणाच्या दिवशी सांगायचं ना, मावशी.”

ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तरी मावशी मीच. त्यांच्याकडे स्वयंपाक करणारी बाई मावशीच असते.

हैदराबादचं विद्यानगर, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, पुण्याहून आलेले लोक. त्या दिवशी त्यांच्या घरी गौरी जेवणार होत्या. आमच्या नांदेडकडे महालक्ष्म्या म्हणतात. मला पहाटे अंघोळ करून, धुतलेली साडी नेसून बोलावलं होतं. एक मोठा डबा भरून पोळ्या झाल्या होत्या. नैवेद्य तेवढा राहिला होता.

सासूबाईंनी काठीनेच त्या डब्याकडे दाखवलं. “आता या देवीला चालायच्या नाहीत. खाली वॉचमनच्या पोरांना द्या. त्यांना काय, चालतं.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी वाकून फरशीवरचा गोळा उचलला.

आता पट्ट्याचं सांगते. माझ्या डाव्या मनगटावर काळा रबरी पट्टा होता, हिरवा दिवा लुकलुकणारा. संक्रांतीला मॅडमने वाण म्हणून दिलेला. असली घड्याळं, पट्टे, अंगठ्या वापरणाऱ्या गिऱ्हाइकांना काय वाटतं, ते विचारून कंपनीला लिहून द्यायचं, हे तिचं काम. कंपनीला सगळ्या थरांतल्या बायका हव्या होत्या. खालच्या थरात मी सापडले. “तब्येतीला चांगला असतो,” ती म्हणाली. “तुमचा फोन जुना आहे, मी माझ्याच फोनला जोडते.” जोडला. पट्टा नीट बसेना म्हणून त्या हातातल्या बांगड्या उतरवायला लावल्या. मी उतरवल्या. फुकट ते पौष्टिक! खोटं कशाला बोलू, गल्लीतल्या बायकांना मी तो मिरवून दाखवला होता.

दर शुक्रवारी ती विचारायची, “मावशी, एक ते पाचमध्ये किती मार्क?” मी म्हणायची, “कायकू विचारता, मला काय समजतं त्यातलं?” माझ्या ‘कायकू’ला ती पोट धरून हसायची आणि पाच लिहायची.

काठी बसायच्या अर्ध्या तासापूर्वीच मी हॉलमध्ये सरबत घेऊन गेले होते. सात-आठ बायका जेवायला आलेल्या. सगळ्यांच्या मनगटावर काही ना काही. एक म्हणाली, “मी तर पाळीचं अ‍ॅप काढूनच टाकलं. माझी तारीख कुठल्या तरी कंपनीला कशाला कळायला हवी?” दुसरी म्हणाली, “माझा पासवर्ड नवऱ्यालासुद्धा माहीत नाही.” मॅडमने जोरात मान हलवली. “शरीर आपलं, तर माहितीही आपलीच. मी रिपोर्टमध्ये हेच लिहिलंय.” तेव्हा मी तिच्यापुढेच ट्रे धरून उभी होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! मी ग्लास गोळा केले आणि पोळ्या लाटायला आत आले.

आता त्याच बायका स्वयंपाकघराच्या दारात जमल्या. एकीने वाकून माझ्या साडीच्या मागच्या बाजूकडे बघितलं. डाग शोधत होती.

डाग असणार कुठून? मला पाळी येतच नाही. नऊ वर्षं झाली. ऊसतोडीला जात होते तेव्हा पोट दुखायचं. डॉक्टर म्हणाला, कॅन्सर होईल, गर्भपिशवी काढून टाक. मुकादम म्हणाला, काढ, मग महिन्याला खाडा पडत नाही. चोविसाव्या वर्षी काढली. अंडाशय तेवढे ठेवले. बहुतेक त्यांच्यामुळे अंगाची ऊब कमी-जास्त होते, तीच पट्ट्याने मोजली आणि पाळीचा हिशोब लावला. हे माझ्या नवऱ्याला ठाऊक आणि आईला. तिसऱ्या माणसाला मी कधी सांगितलेलं नव्हतं.

एक वाक्य पुरलं असतं. ‘मला पिशवीच नाही.’ काठी खाली गेली असती. पोळ्या देवीपुढे गेल्या असत्या. काम टिकलं असतं, आणि त्या कामावर माझ्या पोरीची शाळा होती. वाक्य ओठापर्यंत आलंही.

“मला नाही आलेली,” एवढंच मी म्हटलं.

मॅडम हसली. समजूतदारपणे हसली. “मावशी, पट्टा खोटं नाही बोलत. बाथरूममध्ये चला. मी बघते.”

मी बघते.

मुकादमाने मला बैलासारखं जोखलं. डॉक्टरने फाडून बघितलं. आता ही बघणार. पैठणी नेसून, गौरीच्या दिवशी, माझी साडी वर करून.

ओट्यावर लोखंडी खलबत्ता होता. सकाळीच त्यात वेलदोडे कुटले होते. मी बत्ता उचलला. सासूबाई किंचाळल्या, काठी त्यांच्या हातातून पडली. त्या क्षणी मला ओटा नको होता. मॅडमचं डोकं हवं होतं. ते नारळासारखं फुटलेलं मला डोळ्यांसमोर दिसलं आणि बरं वाटलं. हेही सांगून ठेवते.

पट्ट्याचं बक्कल कणकेने चिकटलं होतं. मी दातांनी ओढलं. कातडी सोलली, तोंडात रक्ताची चव आली. पट्टा ओट्यावर टाकला.

“दर शुक्रवारी मार्क विचारत होतीस ना?” पहिल्यांदा माझ्या तोंडून तिला ‘तू’ गेलं. “घे लिहून.”

एक. काच उडाली. दोन. तीन. चौथ्याला हिरवा दिवा विझला. पाचव्याला ओट्याचा काळा दगड तडकला.

“अहो, ते कंपनीचं आहे!” मॅडम ओरडली. माझ्या मनगटातून रक्त गळत होतं, आणि ती कंपनीचं म्हणत होती.

“पाळी आली की नाही आली, मी सांगणार नाही,” मी म्हटलं. “तुला कायकू सांगू?”

या वेळी कुणी हसलं नाही. मी पोळ्यांचा डबा काखेत मारला आणि निघाले. दारातल्या बायका भिंतीला चिकटल्या. विटाळाला नाही, बत्त्याला भिऊन.

खाली वॉचमनची बायको यादम्मा पायरीवर बसली होती. “अय्यो, क्या हुआ अक्का? खून निकल रहा!” मी तिच्याशेजारी बसले. पहिली पोळी मी खाल्ली. मग तिला दिली, तिच्या पोरांना दिली. वरून कशासाठी दिल्या होत्या, तेही तिला सांगितलं. मग पदराची चिंधी फाडून तिने माझं मनगट करकचून बांधलं.

काम गेलं. त्या बिल्डिंगमधली आणखी दोन घरं गेली. पोरीला सरकारी शाळेत घातलं. माझा नवरा आबिड्सला कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलतो. संध्याकाळी आला, हात बघितला, सगळं ऐकलं. म्हणाला, “एक गोष्ट सांगून टाकली असतीस तर तुझं काय जात होतं?”

“तेवढंच तर उरलंय माझ्याकडे,” मी म्हटलं.

आता बरकतपुऱ्यात दोन घरी स्वयंपाक करते. मनगट उघडं असतं. सोललेल्या जागी पांढरा वण आहे, त्यावर मी बांगडी घालत नाही. बत्ता माझा स्वतःचा घेतलाय, थैलीत घेऊन जाते. विचारलं तर सांगते, वेलदोडे कुटायला. माझ्या मनगटाकडे परत कुणी पट्टा घेऊन आलं, तर पुढच्या वेळी मी ओटा शोधत बसणार नाही.