समुद्रावरच्या टिकल्या

आक्काचा फोन आला... म्हणजे आक्काबद्दलचा फोन आला, तेव्हा मी मंडईत मेथीच्या पेंडीवरून भाजीवालीशी हुज्जत घालत होतो. आक्काच्या शेजारच्या खोलीतल्या वहिनी बोलत होत्या. "बाळूदादा, लगेच या, आक्का उठंनात," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी एस.टी.त बत्तीस वर्षं ड्रायव्हरकी केलेला माणूस. 'लगेच या' म्हटलं की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर पडायचा. त्या दिवशी मात्र पाय उचलेनातच. भाजीवालीनं विचारलं, "काय झालं वो पावणं?" तर मी तिच्यावरच खेकसलो. तिनं पेंडी माझ्या पिशवीत कोंबली आणि म्हणाली, "जावा आधी." मंगळवार पेठेतल्या त्या खोलीत पोचलो तर आक्का खुर्चीतच होती, चष्मा कपाळावर सरकवलेला, समोर भिंतीवर तो नकाशा. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. या गोष्टीला आता दोन महिने होत आले, आणि अजून मी भाजी घेऊन चुकून तिच्याच दाराशी जाऊन उभा राहतो.

इंदुमती तिचं नाव, माझी थोरली बहीण. आम्ही मूळचे मुरगूडचे. आमच्या वस्तीतली मॅट्रिक झालेली पहिली पोरगी ती, आणि कोल्हापुरात टेलिफोन एक्स्चेंजवर ऑपरेटर म्हणून लागलेलीही पहिलीच. कानाला हेडफोन लावून बसली की तिचा आवाज बदलायचा, शुद्ध व्हायचा. घरी आली की पुन्हा कोल्हापूरच्या बायकांसारखं 'मी गेलतो, मी आलतो' सुरू. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "दिवसभर लोकांच्या लायनी जोडून देतो की, माझी कशाला?" एक्स्चेंजची एक सवय मात्र घरातही सुटली नव्हती. काही सांगितलं की समोरच्याकडून ते परत म्हणून घ्यायची. मी साखर आणायला निघालो तरी दारातून हाक यायची, "काय आणणार? म्हणून दाखव." मला पोरं झाली, नातवंडं झाली, तरी मी आपला चौकात उभा राहून 'साखर एक किलो, चहापूड पावशेर' म्हणून दाखवतोय आणि अख्खी गल्ली हसतीय!

वादळांचा नाद तिला एक्स्चेंजमुळंच लागला. एका मे महिन्यात कोकणात मोठं वादळ आलं होतं. कोल्हापुरातली एक बाई किनाऱ्यावरच्या कुठल्याशा गावी फोन लावून मागत होती. नवरा मच्छीमारीच्या होडीवर कामाला होता. लाईन तुटलेली. माणूस घाबरू नये म्हणून अशा वेळी 'प्रयत्न चालू आहे' म्हणा, असं एका साहेबांनी सांगून ठेवलं होतं. आक्का त्या बाईला म्हणाली, "बाई, लाईन तुटलीय. आज लागणार नाही. फोनपाशी बसून राहू नका, घरच्यांकडे जा." साहेबांनी बोलावून झापलं, तर ही त्यांच्या तोंडावर म्हणाली, "मला खोटं जमत न्हाय साहेब. बदली करा हवं तर." तेवढी धमक होती तिच्यात. त्या बाईचा नवरा परत आला की नाही, हे आक्काला कधीच कळलं नाही, आणि ते तिच्या मनातून कधी गेलं नाही. त्यानंतर ती रेडिओवर समुद्राच्या बातम्या ऐकायला लागली. कुठून तरी शाळेतला जुना नकाशा मिळवला, अरबी समुद्राचा, आणि वादळ ज्या अक्षांश-रेखांशावर असेल तिथं टिकली चिकटवायला सुरुवात केली.

टिकलीच! नुसतं वारं फिरायला लागलं असेल तर काळी, वादळ झालं की मरून रंगाची, आणि फार जोर धरला की लाल. स्वतःच्या कपाळाला या बाईनं कधी टिकली लावली नाही, पण समुद्राला पाकिटांवर पाकिटं. महाद्वार रोडवरची बांगडीवाली मावशी एकदा मला हळूच विचारती, "आक्कांच्या घरात सुना किती हाईत वो?" वर्षं गेली, रेडिओच्या जागी मोबाईल आला, त्यावर दर तीन तासांनी हवामानाचं बुलेटिन यायला लागलं. पद्धत तीच राहिली. आधी वहीत आकडे, मग नकाशावर टिकली, टिकलीशेजारी पेन्सिलनं वेळ. कुठलं वादळ कुठं धडकणार याचा तिचा अंदाज क्वचितच चुकायचा. गल्लीतल्या बायका पापड-कुरडया वाळत घालायच्या आधी तिला विचारून जायच्या. अभिमान होता तिला त्याचा. बोलून दाखवायची नाही, पण कुणी विचारायला आलं की पदर सारखा करून खुर्चीत ताठ बसायची.

आता माझ्या स्वभावाचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझ्या चंदगडच्या ड्युटीच्या दिवसांत एकदा आई मुरगुडात फार आजारी पडली. आक्कानं डेपोत फोन करून जे होतं ते सरळ सांगितलं, "आई सिरीयस हाय." मी मोटारसायकल काढली. भर पावसाळा. वाटेत ओढ्याला पाणी, लोक हात आडवे करून ओरडतायत, आणि मी घातली गाडी पाण्यात. गळपट्टीचं हाड मोडून घेतलं. आई आठ दिवसांत उठून बसली, मी दोन महिने तिच्या शेजारी अंथरुणात! आक्का भेटायला आली आणि म्हणाली, "तुला खरं सांगून माझीच चूक झाली." मला वाटलं, चेष्टा करतीय.

मग आला काही वर्षांपूर्वीचा तो मे महिना. माझी मुलगी संघमित्रा, आम्ही तिला मित्रा म्हणतो, तेव्हा देवगडच्या बाजूला एका खाडीकाठच्या गावात सरकारी दवाखान्यात नर्स होती. अरबी समुद्रात वादळ उठलं आणि किनाऱ्या-किनाऱ्यानं वर सरकायला लागलं. वारं कोल्हापुरापर्यंत आलेलं, आदल्या दिवसापासून लाईट नाही, टीव्ही बंद. सकाळी नऊच्या सुमाराला मी माझ्या व्हॅनची किल्ली बोटात फिरवत आक्काच्या दारात. ठरलंच होतं माझं. गगनबावड्याचा घाट उतरायचा, पोरीला गाडीत घालायचं आणि संध्याकाळपर्यंत परत. पण आक्काला विचारल्याशिवाय निघायची सवय नव्हती.

"आक्का, कुठं हाय ते?"

"चप्पल काढ आधी."

माझ्याकडं पाठ करून तिनं वहीत आकडे लिहिले, पाकिटातली लाल टिकली काढली आणि नकाशावर लावली. अक्षांश-रेखांश मला कळत नाहीत. मी आपला बोटांनी मोजतो. टिकली आणि देवगड यांच्यामध्ये माझी चार बोटं सहज मावली.

"लांब हाय," आक्का म्हणाली. "आत समुद्राकडं वळालंय. मित्राकडं पाऊस पडंल, वारा सुटंल, तेवढंच. तू घाटात जाऊन काय करणार? बस खाली. कुठं जाणार न्हाईस, म्हणून दाखव."

"कुठं जाणार न्हाय," मी म्हणून दाखवलं. आक्कानं सांगितलं म्हणजे विषय संपला. तिनं किल्ली माझ्या हातातून काढून डब्यात टाकली आणि पुढ्यात भुईमुगाच्या शेंगांचं पोतं ओढलं. "फोड." दुपारी बारापर्यंत शेंगा फोडत होतो. मित्राचा फोन लागायचा बंद झाला होता. दुसरी टिकली लागली, पुन्हा चार बोटं. तीनच्या सुमाराला तिसरी. ती लावताना आक्काच्या हातून दोनदा खाली पडली. मी विचारलं तर म्हणाली, "वय झालं रे." समोरच्या घराचा पत्रा उडून गल्लीत पडला तेव्हा मी उठलो, तर ती दारात आडवी उभी राहिली. "नकाशा बघितलास न्हवं? मग?" मी पुन्हा खाली बसलो.

साडेपाचला कुणाच्या तरी फोनवरून मित्रा बोलली. "पप्पा, मी बरी हाय. दवाखान्याचे पत्रे गेले, भिंत पडली. पण आम्ही सगळी सकाळपासनं वरच्या शाळेत हाय. दोन्ही बाळंतिणी, बाळं, सगळी बरी हाईत." वादळ त्यांच्या अंगावरूनच गेलं होतं. फोन ठेवला. आणि जरा भानावर आलो तसा आक्कावर उखडलो. चार बोटं लांब म्हणे! पोरगी मेली असती तर? आक्का खुर्चीत बसली होती, घामानं भिजलेली. मान खाली घालून म्हणाली, "चुकलो की रे बाळू. ऐनवेळी फिरलं ते." दुसऱ्या दिवशी कळलं, घाटात सकाळी साडेदहा-अकराला दरड आली होती. नऊला निघालो असतो तर त्याच वळणांवर असतो. मी म्हटलं, नशीब.

एवढ्यावर गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण माझं तोंड! 'आमच्या आक्काचं वादळ चुकलं' हे मी चौकात, चहाच्या गाड्यावर, लग्नात, जिथं बसंन तिथं सांगितलं. पुढं दर पावसाळ्यात डिवचायचो, "आक्का, बघून सांग हं, मागल्यासारखं नको." ती हसायची. "व्हय बाबा, चुकलो म्हटलं की एकदा." हळूहळू वाळवणवाल्या बायकाही विचारायच्या बंद झाल्या, मोबाईलमध्ये बघायला लागल्या. आक्का टिकल्या लावत राहिली, पण विचारायला कुणी येईना. खुर्चीत ताठ बसायचंही कमी झालं. मला ते दिसत होतं, आणि तरी मी चेष्टा सोडली नाही. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम तिच्याच खोलीत करायचा ठरला. बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि आक्काचा फोटो मांडायला भिंत मोकळी हवी होती, म्हणून आदल्या दिवशी दुपारी मी आणि मित्रा नकाशा उतरवायला गेलो. जुन्या वादळांच्या टिकल्या तिनं कधी काढल्या नव्हत्या. वादळामागून वादळ, नुसती रांग लागलेली. त्यात त्या दिवसाच्या तीन लाल. मला पुन्हा खुमखुमी आली. मित्राच्या हातात ती वही होती. म्हटलं, "काढ की ते पान, बघू आत्तीचं नेमकं कुठं चुकलं."  मित्रानं पान काढलं, आकडे बघितले, टेबलावरच्या पाकिटातून टिकली घेतली आणि वहीत लिहिलं होतं त्या जागी लावली. मी बोट ठेवलं. टिकली आणि देवगड यांच्यामध्ये माझं एकच बोट मावलं... आणि ते आकडे आक्काच्याच अक्षरातले होते, त्याच सकाळचे.

"तिचं चुकलं न्हवतं, पप्पा," मित्रा म्हणाली. "तुम्ही तिच्याकडं जायच्या आधीच तिचा मला फोन आलता. 'मित्रे, सरळ तुझ्याकडं येतंय. पत्र्याखाली कुणाला ठेवू नको, बाळंतिणींना आधी हलीव, अकराच्या आत सगळी वर शाळेत पायजेत. म्हणून दाखव.' मी म्हणून दाखवलं. मग म्हणाली, 'तुझ्या बापाला मी बसवून ठेवतो. मी हाय तवर त्याला यातलं काय सांगायचं न्हाय.'"

मी भडकलो. मेलेल्या बहिणीवर भडकलो! माझी पोरगी, आणि मलाच खोटं? मित्रानं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "खरं सांगितलं असतं तर थांबला असता काय तुम्ही?" माझा हात गळपट्टीच्या त्या मोडलेल्या हाडावर गेला. साहेबाच्या तोंडावर 'मला खोटं जमत न्हाय' म्हणणारी माझी आक्का माझ्यासाठी दिवसभरात तीनदा खोटं बोलली होती, आणि पुढं इतकी वर्षं माझ्या तोंडची चेष्टा ऐकत 'चुकलो' म्हणत राहिली होती. मी खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. नकाशा आम्ही उतरवला नाही. फोटो त्याच्याच खाली मांडले. वंदनेला आलेल्या सगळ्यांना मी उभा राहून झालेलं सांगितलं, वाळवणवाल्या बायकांनाही. 

आणि गेल्या आठवड्यात समुद्रात पुन्हा वारं फिरायला लागलं. मित्रा अजून किनाऱ्यालाच आहे, आता दुसऱ्या गावात. मी आक्काच्या खोलीचं कुलूप काढलं, वही घेतली. आकडे कसे वाचायचे ते मित्रानं फोनवर शिकवलं. दोन दिवसांत काळीची मरून झाली. तिसऱ्या सकाळी बोटांनी मोजलं तर पोरीच्या गावापर्यंत जेमतेम दोन बोटं. फोन केला. "मित्रे, तुझ्याकडंच वळालंय. काय करणार, म्हणून दाखव." तिनं सगळं म्हणून दाखवलं, आणि मग हळूच म्हणाली, "आता तुम्ही म्हणून दाखवा, पप्पा." व्हॅनची किल्ली खिशातच होती. पुढं ते वादळ समुद्रात आतल्या आत विरलं, पण त्या घडीला ते मला कुठं ठाऊक? घाटातलं एकेक वळण डोळ्यांसमोरून जात होतं. "कुठं जाणार न्हाय," मी म्हणालो. संध्याकाळपर्यंत खुर्चीतून उठलो नाही, आक्का, आणि टिकली वादळ खरंच जिथं होतं तिथंच लावली होती.