तिने सोडलेला कापडाचा विषय

"शेठ, ओरडून झालं? मग आता सौदा करू."

माझ्या तोंडावर हे म्हणणारी भिवंडीत एकच मुलगी होती. ती माझ्या लूमसाठी, म्हणजे यंत्रमागांसाठी, कॉम्प्युटरवर डिझाईन काढायची. मी लूमवर कामगार म्हणून उभं राहून मालक झालेला माणूस. भाव पाडायला बसलो की भले भले व्यापारी नमतात. ही नमायची नाही. मी डिझाईनला नावं ठेवली की लॅपटॉप मिटायची. "राहू द्या. शेजारच्या शेठना आवडेल." मग मी मुकाट्याने घ्यायचो.

लूमच्या शेडमध्ये तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर तिथल्या खडखडाटात तोंडाने बोलून उपयोग नसतो हे तुम्हाला ठाऊक असेल. धागा तुटला की दोन बोटांची कात्री, चहा हवा की अंगठा ओठाशी. ती कामगारांशी हातांनीच गप्पा मारायची. माझी नक्कल अशी करायची की अख्खी रांग हसायची. मी वळलो की हात ओढणीत.

मग तिला मास्टर्सला प्रवेश मिळाला. डिझाईन आणि कॉम्प्युटर एकत्र. त्यातले काही विषय म्हणे आपले आपण निवडायचे. म्हणजे बाजारच की! तिने मोबाईलवर विषय दाखवले आणि मी भाजी निवडावी तसे निवडून दिले. "हा कापडाचा घे. तो नक्षीचा घे. बाकीचा कचरा सोड."

"घेते ना शेठ."

त्या भरवशावर मी काही जुने लूम भंगारात काढले, नक्षी विणणाऱ्या नव्या जॅकार्ड लूमसाठी जागा केली. पोरगी शिकून आपल्याकडेच येणार, असं बाजारभर सांगितलं.

निघण्याआधी ती मिठाई घेऊन आली. शुक्रवारची सुट्टी होती, लूम बंद होते.

"शेठ, कापडाचा विषय सोडला मी."

"मग घेतलंस काय?"

"हातांच्या खुणा कॅमेऱ्याने ओळखायच्या, त्यांची फोनवर अक्षरं करायची. ऐकू न येणाऱ्यांसाठी."

माझं डोकं फिरलं. "शब्द दिला होतास ना मला? बहिऱ्यांशी तुझं काय देणंघेणं? तुझ्या घरात कोण बहिरं आहे?"

ती हसली नाही. "घरात कोणी नाही. तुम्ही आहात."

टेबलावर आपटायला उचललेला हात तसाच राहिला.

"डावा कान तुमचा कधीच गेलाय. उजवाही चाललाय. मी नेहमी तुमच्या उजवीकडे का बसते? अख्ख्या शेडला माहीत आहे शेठ. तुम्ही भडकता, म्हणून कोणी सांगत नाही."

माझा आवाज मोठा, तो मालक म्हणून, असंच मी समजत होतो. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सेकंदाचा काटा पुढे पुढे सरकत होता. त्याचा आवाज मी शेवटचा कधी ऐकला, ते आठवेना.

ती गेली. शब्द मोडल्याचा राग मात्र गेलेला नाही. जॅकार्डच्या जागेवर आता सुताची पोती पडलीत.

काल लूम चालू असताना जॉबर, म्हणजे आमचा लूम दुरुस्त करणारा, माझ्यासमोर आला. हवेत बोटं नाचवली, कॉम्प्युटर चालवल्यासारखी, आणि तळवा पुढे केला: ती परत येणार का?

मी लूमकडे बोट दाखवलं. काम कर. तो उत्तरासाठी तिथेच उभा राहिला, तळवा तसाच उघडा ठेवून.