दातांनी ऐकणारे मिस्त्री

आमचे मिस्त्री दातांनी ऐकायचे. करवतींच्या आणि इंजिनांच्या आवाजात उभं आयुष्य गेल्यामुळे त्यांचे कान कामातून गेले होते. ओरडून बोललं तरच शब्द आत जाई. पण लोखंडाचं म्हणणं समजायला त्यांना कान लागत नसत. वीतभर सागाची काडी दातांत घट्ट धरायची, तिचं दुसरं टोक लोखंडाला टेकवायचं, हातोडीनं हलकेच ठोका द्यायचा आणि डोळे मिटून थांबायचं. “चांगलं लोखंड असन तं आवाज कपाळापर्यंत जाते,” ते सांगत, “फुटकं असन तं जिभेवरच मरते.” आलापल्लीच्या आमच्या लाकूड डेपोतला एकही ट्रक त्या काडीच्या परवानगीशिवाय जंगलात जात नसे.

मी त्या डेपोत कारकून होतो. बापानं जन्मभर बांबू तोडला. मी नागपूरला राहून बी.ए. झालो, आमच्या घराण्यातला पहिला. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. माझ्याहून जास्त तो मिस्त्रींना होता. नवा ट्रकवाला आला की हातातलं काम टाकून ते माझ्याकडे बोट दाखवत, “हा आमचा बी.ए. बाबू. सांभाळून बोल, त्याले इंग्रजी समजते.”

“मी कुठी इंग्रजी बोलून राह्यलो?” ट्रकवाला बिचारा गोंधळून जाई.

मालकांनी, म्हणजे डेपोच्या ठेकेदारांनी, मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती. दोन माणसांची, बिनटपाची, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी. मालक ती एटापल्लीच्या रस्त्यावर भरधाव सोडत आणि मागच्या चाकांचा एक्सल, म्हणजे चाकं फिरवणारा दांडा, मोडून बैलांकडून ओढवून आणत. दुसऱ्यांदा आणली तेव्हा मिस्त्री गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, “मालक, वरातीतली घोडी चिखलात जुंपली तुमी.”

“मग बैलाचे पाय लाव तिला,” मालक हसत त्यांच्या कानाशी ओरडले.

मिस्त्रींनी ते मनावर घेतलं. त्याच कंपनीच्या माल वाहणाऱ्या गाडीचा एक्सल जाड असतो आणि या गाडीत तो बसवता येतो, हे त्यांना ठाऊक होतं. नागपूरच्या भंगार बाजारात तसा मिळाला असता. आणायला त्यांनी मला निवडलं. “त्याच्यावर नंबर खोदला असते. तो वाचाले बी.ए. लागते,” असं म्हणत त्यांनी आपली काडी फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. “दोनी टोकं वाजवून पायजा, बाबू. वरून लोखंड सारखंच दिसते.”

भंगारात नंबर जुळला. जाडीही बरोबर भरली. मी काडी काढली, तेवढ्यात मागून हाक आली. कॉलेजातला एक सोबती इस्त्रीच्या कपड्यांत उभा होता.

“अरे, इथी काय करून राह्यला तू?”

“आमच्या मालकांच्या स्पोर्ट्स कारचा एक्सल घेतोय,” मी जरा ऐटीतच सांगितलं.

आता त्याच्यासमोर गुराख्यासारखी तोंडात काडी धरून त्या तेलकट दांड्यावर ओणवं व्हायचं? मी काडी खिशात सरकवली आणि एक्सल पोत्यात बांधून घेतला.

परतल्यावर मिस्त्रींनी पहिलाच प्रश्न केला, “वाजवून पायला?”

“हो!” मी ओरडलो.

“दोनी टोकं?”

“दोन्ही!”

ते काडी हातात घेऊन एक्सलजवळ क्षणभर उभे राहिले. एक हमाल ओरडून म्हणाला, “मिस्त्री, तुमी एकडाव पाहून घ्या ना.”

“काऊन? बी.ए. माणसानं पायलं ना!” मिस्त्रींनी काडी खिशात ठेवली. त्या वेळी मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी एक्सलची पावती वहीत लावायला निघून गेलो.

आपण जोडलेल्या गाडीत पहिल्यांदा आपणच बसायचं, हा मिस्त्रींचा नेम. मालक चालवायला, मिस्त्री शेजारी. डेपोपासून कोसभर अंतरावरच्या उतारावर एक्सल मोडला, चाक निखळलं आणि गाडी एका सागावर जाऊन आदळली. मालकांना खरचटलं. मिस्त्रींचं तोंड समोरच्या पत्र्यावर आपटलं.

आम्ही धावत गेलो. मोडलेल्या दांड्याचं तोंड अर्धं नवं, चकचकीत होतं आणि अर्धं गंजानं काळं. म्हणजे भेग जुनी होती. मिस्त्रींनी ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मालक त्यांच्या कानाशी ओरडत होते, “वाजवून पाहिलं होतं की नाही?”

“पायलं होतं मी,” रक्तानं भिजलेल्या फडक्याआडून मिस्त्री म्हणाले. “मलेच आयकू नाई आलं.”

मी तिथेच उभा होतो. माझं तोंड शाबूत होतं.

मिस्त्रींचे समोरचे दात गेले. हिरड्यांत काडी धरून त्यांनी काही दिवस खटपट केली, मग मान हलवली, “वर नाई जात.” बहिऱ्या म्हाताऱ्याच्या हाती गाड्या देऊन चूक झाली, असं मालक चारचौघांत बोलू लागले. ट्रक चांद्याला दुरुस्तीला जाऊ लागले आणि मिस्त्री पोंभुर्ण्याला मुलीकडे जायला निघाले.

त्यांची पेटी मी प्रवासी मोटारीच्या टपावर चढवून दिली. त्यांनी काडी माझ्या हातात ठेवली. तिच्यावर दातांच्या खुणा होत्या. “माह्या काय कामाची आता? राहू द्या तुमच्यापाशी.”

“मिस्त्री, मी वाजवून पाहिलं नव्हतं,” मी म्हणालो. हळू म्हणालो. खिडक्यांतून माणसं बघत होती.

त्यांनी कानामागे हात धरला. “काय म्हणता? जोरानं बोला, बाबू.”

मी खिडक्यांकडे पाहिलं. “पोचल्यावर पत्र टाका!” मी ओरडलो.

बोळक्या तोंडानं ते मनापासून हसले. “मले कुठी लिवता-वाचता येते?”

मोटार सुटली. त्यांची पुन्हा भेट झाली नाही. जे त्या दिवशी ओरडून सांगायला हवं होतं, ते आज लिहून काढलं आहे. लिहिणं मला नेहमीच सोपं गेलं.