मॉलच्या दारावरचे उसने पालक

चाळणीतून पीठ खाली जातं आणि कोंडा वर राहतो. दारावर उभं राहणाऱ्या माणसाचं तसंच असतंय. माणसं आत जातात, बाहेर येतात, निघून जातात. त्यांचे किस्से तेवढे माझ्याजवळ राहतात. चाळीस वर्षं कळंबला आडतीवर पोती उचलली, पण पोत्याचा एक किस्सा सांगता येत नाही. पोतं खोटं बोलत नाही ना!

गेली दोन वर्षं मी धाराशिवला मॉलच्या दारावर वॉचमन आहे. तोंडाला ऊन आणि पाठीला आतली गार हवा. सत्तरीच्या माणसाला दुसरीकडं कोण उभं करणार? घरी बसावं तर सुनेचा टीव्ही आणि मी, दोघंच. म्हणून ही नोकरी मला टिकवायची होती. आणि ती घालवायला आख्ख्या जिल्ह्यातली पोरं टपलेली!

आमच्या मॉलात सरकता जिना आहे. तो वर जातो. पोरं त्याच्यावरून पळत खाली यायची. वर खाण्याच्या ठिकाणी एक कोल्ड्रिंक आणि सहा नळ्या घेऊन दिवसभर बसायची. एकदा दोन टोळ्यांची मारामारी झाली, तेव्हा मॅनेजर साहेबांनी नियम काढला. शनिवार-रविवार अठराच्या आतलं पोरगं पालकाशिवाय आत सोडायचं नाही. मला एवढंच म्हणाले, "आबा, चूक झाली तर मोजणार. तिसऱ्या चुकीला घरी."

साहेब वयानं माझ्या नातवाएवढे. मी म्हणालो, "व्हय."

*

पहिली चूक तर पहिल्याच सकाळी झाली.

नियम काय ते तोंडी न सांगताच साहेबांनी दारात बोर्ड लावला आणि "बोर्डावर आहे तसं करायचं" म्हणून गाडीवरून बँकेत गेले. मी दुसरी शिकलेला. चष्मा घरी राहिलेला. चष्म्याशिवाय मला जोडाक्षर म्हणजे मुंगळ्यांची मारामारी दिसते. दारात एक चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं उभं होतं, भांग पाडलेलं, गरीब तोंडाचं. त्याला म्हणालो, "वाच रे जरा."

त्यानं खडखडीत वाचलं, "साठ वर्षांवरील व्यक्तींना सोबत मुलगा असल्याशिवाय प्रवेश नाही. सरकत्या जिन्यावर पडण्याची भीती असते."

मला पटलं! मागच्याच आठवड्यात एक म्हातारा जिन्यावर आडवा झाला होता. मी लगेच अंमल चालू केला. जो म्हातारा येईल त्याला अडवायचं, दारातल्या घोळक्यातलं एक पोरगं त्याच्या हाताला लावायचं, मग आत. एक रिटायर मास्तर लई भांडले. त्यांना मी दोन पोरं दिली.

साहेब बँकेतून आले तोवर अकरा पोरं आत होती.

साहेबांनी बोर्ड वाचून दाखवला. मी त्या गरीब तोंडाच्या पोराला शोधत होतो, कान उपटायला. पण खरं सांगू? उभ्या उभ्या, एका दमात, कारणासकट नियम रचला त्यानं! आमच्या आडतीवर असा एक माणूस असता तर व्यापारी रडले असते.

*

मग पालक आणायची रीत सुरू झाली. आईबाप आणतील ती पोरं कसली! तीन पोरं एसटी स्टँडवर जायची आणि भूमच्या गाडीची वाट बघत बसलेला एखादा म्हातारा घेऊन यायची.

असाच एक पटकेवाला आला. पोरं म्हणाली, "आमचे आजोबा."

मी म्हाताऱ्यालाच धरलं. "पाव्हनं, ह्या नातवाचं नाव काय?"

म्हातारा माझ्याकडं बघून म्हणाला, "मला सोळा नातवंडं हायती. नावं कशाला लक्षात ठिवू? संध्याकाळी मोजून घेतो."

आजोबा म्हणून सोडलं.

पुढं गंमत अशी, की पोरांचं अर्ध्या तासात मन भरलं, पण म्हातारा जिन्यावरून उतरंना! वर गेला की साध्या जिन्यानं खाली यायचा आणि परत सरकत्या जिन्यावर. भूमच्या दोन गाड्या गेल्या. पोरं बिचारी खाली पायरीशी बसून राहिली. मी म्हणालो, "जावा की घरी. तो काय तुमचा खरा आजा हाय का?"

त्यातलं एक पोरगं चिडलं. "आबा, आमी आणलंय त्याला. असं मधीच टाकून जातेत का?"

तिसऱ्या गाडीत जागा धरून बसवून आली त्याला. मी कौतुक मनातच ठेवलं. तोंडावर केलं की पोरं चढतात.

*

एका रविवारी एक बारकी पोरगी एकटीच आत निघाली. पाठीला बॅग, दोन वेण्या नाहीत एवढंच. मी हात आडवा घातला. "आईबाप कुठायत?"

"बार्शीला."

"मंग बार्शीच्या मॉलात जायाचं."

ती म्हणाली, "अहो, मी सव्वीस वर्षांची आहे. शिक्षिका आहे." मी म्हणालो, "सगळ्याच म्हणतेत." ओळखपत्र शाळेत राहिलेलं. तिच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात.

तेवढ्यात मागून एक सहा फुटी गडी आला. दंड हे एवढाले, ओठावर जाड मिशी. अदबीनं म्हणाला, "सोडा आबा, बाई माझ्यासोबत हायेत."

मी म्हणालो, "असं सांगा की मंग!" आणि दोघांना सोडलं.

आत जाताना बाई त्याला म्हणाल्या, "थँक्यू. पण उद्या गणिताची वही आणली नाहीस तर नववीत परत बसवीन."

ही चूक साहेबांना कळली नाही, म्हणून मोजली गेली नाही.

*

खोटं पकडायला माझ्याकडं एकच हत्यार आहे, कुणाचा रे तू? गाव कुठलं, आडनाव काय, आईचं माहेर कुठलं. तीन प्रश्नांत पोरगं गडबडतंय.

गौरी नावाची पंधरा वर्षांची पोरगी आली. मी विचारलं, "गाव?"

"बेंबळी."

"आरं! माझंबी बेंबळीच."

तिनं बॅग खाली ठेवली. मला वाटलं, दमली. ती म्हणाली, "मंग शेवंताकाकू तुमच्या कोण?"

"थोरली वहिनी."

"त्यांची धाकटी बहीण कळंबला दिली. तिची सून म्हंजे माझी सख्खी मावशी. आता बघा, माझ्या मावशीची सासू तुमच्या वहिनीची बहीण. म्हंजे तुमी माझे आजोबा लागता. पालक दारातच उभा हाय, मी एकटी कशी?"

मी बोटांवर नातं मोजलं. परत मोजलं. कुठंच चूक सापडंना! पंधरा वर्षांच्या पोरीला एवढी सोयरीक पाठ? माझ्या बायकोला माझ्या मामांची नावं आली नाहीत शेवटपर्यंत. खात्री करावी म्हणून वहिनीला फोन लावला. वहिनी म्हणाली, "व्हय, आपलीच हाय की ती! पोरीला दारात उभं केलंय का काय तुमी? पाणी तरी दिलं का?"

सोडलं. पाणी देऊन सोडलं.

साहेबांनी तिला आत पकडून दारात आणलं. "हिचे पालक कोण?"

"मी."

"तुम्ही तर इथं दारात उभे आहात!"

"मंग ती कुठं जाणार हाय, सायेब? येणार तर माझ्यापुढूनच."

साहेबांनी दोन बोटं दाखवली. म्हणजे दुसरी चूक.

*

त्या दिवसापासून साहेबांनी नियम आवळला. आजोबा, मामा, मावशी कुणी चालणार नाही. आई नाहीतर वडील, बास.

दुसऱ्याच शनिवारी एक पोरगं फोन पुढं धरून आलं. फोनच्या काचेवर त्याचा बाप, मागं ट्रॅक्टर धडधडतोय. बाप ओरडून म्हणाला, "राम राम आबा! हाय की मी पोराबरोबर!"

"आत या मंग."

"आलोच की! दिसत न्हाय का?"

पोरगं हसत होतं. मागं दहा जणं हातात फोन काढून तयार. हे एक चाललं की सगळा जिल्हा आत! मी विचार केला. मग फोन पोराच्या हातातून घेतला आणि आतल्या काऊंटरवर नेऊन उभा केला. म्हणालो, "पालक आत गेले. मोठ्या माणसाला बंदी न्हाय. तू हितंच थांब."

बाप आतून ओरडत होता, "अरे बाळ्या, हितं टीव्ही लई स्वस्त हायेत!"

एवढा एकच डाव मी जिंकलो.

*

आता शेवटचा.

मे महिना. शुक्रवारी गौरी दारात आली. आत जायचं नव्हतं तिला. म्हणाली, "आबा, तिसऱ्या चुकीला खरंच घरी बसवणार तुमाला?"

"व्हय."

"मंग आमी येत न्हाय." आणि गेली. मला वाटलं, उन्हानं बोलतीय.

रविवारी चारला पुण्याहून मालक येणार होते. गर्दी किती असते बघून वर आणखी एक मजला चढवायचा का ते ठरवणार होते. साहेब सकाळपासून टाय घालून तयार. आणि मॉलात माणूस नाही! पोरांनी एकमेकांना मेसेज टाकलेले. ज्यांचे आईबाप सोबत यायचे तीसुद्धा अडून बसलेली. पोरगंच येत नाही म्हटल्यावर बाप एकटा मॉलात येऊन काय करील, कुकर बघील?

साडेतीनच्या सुमाराला साहेब बाहेर आले. "आबा, मुलं कुठायत?"

मी समोर बोट दाखवलं. रस्त्यापलीकडं रसवंतीच्या पत्र्याखाली सदतीस पोरं-पोरी बसलेल्या. मे महिन्याच्या उन्हात, पत्रा वरून भाजतोय, अंगाची लाही होतीय. माझ्या मागं गार हवेचा मॉल मोकळा, आणि एकजण उठंना. मी मोजायच्या निमित्तानं त्यांच्याकडं बघत राहिलो. माझ्यासारख्या कुरकुऱ्या म्हाताऱ्यासाठी कुणी कधी सावलीतसुद्धा बसलं नव्हतं.

साहेब रस्ता ओलांडून गेले. मी मागनं गेलो. साहेब म्हणाले, "चला आत. आज नियम नाही."

गौरी उठली. "सर, तुमी तोंडानं म्हणाल. उद्या आबांची तिसरी चूक मोजाल."

"नाही मोजणार!"

"मंग सही करा. आमचे पालक म्हणून."

साहेबांनी घड्याळ बघितलं. पावणेचार. "आणा वही," म्हणाले.

दारात माझ्या स्टुलावर साहेब बसले, पुढं पोरांची रांग. पोराचं नाव, पालकाचं नाव, नातं, सही, असे चार रकाने. पहिल्याच नावाला पेन थांबला. "आबा, नातं काय लिहू?"

"सायेब, आजोबा-मामा तुमीच बंद केलेत. आई न्हायतर वडील."

साहेबांचं अजून लग्न ठरायचंय. मुली बघणं चालू आहे. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा रस्त्याकडं, आणि 'वडील' लिहायला लागले. भराभर. सदतिसावी सही झाली आणि मालकांची गाडी दारात लागली.

मालक उतरले. मॉल भरलेला बघून खूश झाले. जाता जाता स्टुलावरची वही उचलली. एक पान वाचलं. उलटलं. दुसरं वाचलं. चष्मा काढून साहेबांकडं बघत म्हणाले, "सगळी?"

साहेबांनी टाय सैल केला.

"सगळी, सर."