होकायंत्राची पेटी आणि इंदुबाईंची दोरी

पालघरला मनोर रस्त्यालगत कमलाकांत मिस्त्रींचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन खाटा मावतील एवढी पत्र्याची जागा, आणि मागच्या दाराने थेट घरातलं स्वयंपाकघर. दारं-खिडक्यांची कामं ते घेत. पण नाव होतं ते लहान पेट्यांमुळे. त्यातही मुरबे गावचे तांडेल, म्हणजे होडी चालवणारे प्रमुख, होडीतल्या होकायंत्रासाठी पेटी करून घ्यायचे ती त्यांच्याकडूनच.

या पेटीत लोखंडाचा खिळा चालत नाही, होकायंत्राची सुई भरकटते. पितळी खिळ्याने पातळ फळी चिरते. शिवाय फळीचं कापलेलं तोंड उघडं राहिलं तर ते पाणी पितं. म्हणून मिस्त्री शिवण लाकडाच्या चारही फळ्यांची टोकं तिरकी कापत, टोकाला टोक सरसाने चिकटवत आणि वरून राळेच्या रोगणाचे तीन हात देत. तिरक्या सांध्याची अडचण एवढीच, की ओला सरस निसरडा असतो. फळ्या दाबून धरणारा शिकंजा आवळताना दाब जरा वाकडा पडला की फळी फळीवरून घसरते. शिकंज्याचा स्क्रू किती फिरवायचा आणि कुठे थांबायचं, हे मिस्त्रींच्या उजव्या मनगटाला ठाऊक होतं.

१९६४च्या मे महिन्यात त्यांनी स्वतः बांधलेली गाठ सुटून शिडी सरकली आणि ते मनगट मोडलं. हाड जुळलं, पकड आली नाही. करवत ते डाव्या हाताने चालवू लागले. बाकी कोणाला काही बोलले नाहीत, बायकोला, इंदुबाईंनाही नाही.

ऑगस्ट लागताच मुरब्याचा आत्माराम तांडेल आला. नारळी पौर्णिमा झाली की त्याची होडी निघणार होती.

"मिस्त्री, पुनवेच्या आदी पेटी पायजे. नाय जमत तर आताच सांगा, सातपाटीच्या सुताराला सांगतो."

"सातपाटीला कशाला? मी मेलो काय?" मिस्त्री म्हणाले.

पहिल्या पेटीचा एक कोपरा उघडा राहिला. दुसरीचाही तोच. पौर्णिमेला सहा दिवस उरले असताना तिसरी पेटीही सांध्यात घसरली. त्यांनी ती फोडली आणि तुकडे सरपणात टाकून दिले.

सकाळी चूल पेटवताना इंदुबाईंच्या हाताला शिवणीचे तुकडे लागले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. मिस्त्री शिवणीची ढलपीसुद्धा जाळू देत नसत. इंदुबाईंनी एक तुकडा उजेडात धरून सरसाचा डाग पाहिला आणि तो घेऊन कारखान्यात गेल्या.

"हे चुलीत कसं आलं?"

"लाकूड सरदलेलं होतं."

"लाकूड नाय, हात. भाकरी डाव्या हाताने मोडता, मला दिसत नाय काय?"

मिस्त्री रंध्याचं पातं पुसत राहिले. मग म्हणाले, "शिकंजा आवळत नाय. आवळला तर फळी सरकते. मुरब्याला कळलं तर संपलं."

इंदुबाई आत गेल्या आणि लोणच्याच्या बरणीवर दादऱ्याचं फडकं बांधायची सुती दोरी घेऊन आल्या. चार कोरड्या फळ्या उभ्या जुळवून त्यांनी भोवती दोरीचे तीन वेढे घातले, गाठ मारली, दोरीत लाटण्याएवढी काठी खुपसली आणि पीळ दिला.

"हे काय, लोणचं हाय?"

"माझ्या लोणच्याला बुरशी येत नाय. फट तुमच्या पेटीला येते."

मिस्त्रींनी वाकून पाहिलं. शिकंजा दोन बाजूंनी दाबतो. दोरी चारही कोपऱ्यांना एकाच वेळी आत ओढत होती, त्यामुळे फळीला घसरायला वावच नव्हता. त्यांनी एक काडी घेतली, या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मापली, मग तीच दुसऱ्या दोन कोपऱ्यांना लावून पाहिली. गव्हाच्या दाण्याएवढा फरक होता, म्हणजे चौकट तेवढी तिरपी होती.

"डावीकडून जरा दाब. हां. आता अर्धा पीळ."

या घरात बायकांनी हत्याराला हात लावायचा नाही असा रिवाज होता. दोरी हत्यारात मोडते की नाही, याचा विचार त्या दिवशी दोघांनीही केला नाही. दोरी रुतू नये म्हणून कोपऱ्यांवर जुन्या लुगड्याच्या घड्या ठेवल्या, सरस तापवला आणि नवी पेटी बांधली. पावसाळी हवेत ती दोन दिवस तशीच राहू दिली. दोरी सोडली तेव्हा चारही सांधे केसासारखे बारीक दिसत होते.

आत्माराम पेटी न्यायला आला. कोपऱ्यांवरून नख फिरवून त्याने मान डोलावली. मग त्याची नजर कोपऱ्यात दोरीने बांधून ठेवलेल्या आणखी एका पेटीवर गेली. जन्म दोरीत गेलेला माणूस; त्याने उकिडवं बसून गाठ पाहिली.

"ही गाठ कोणाची, मिस्त्री?"

आतल्या दाराशी इंदुबाई चहा घेऊन उभ्या होत्या.

"माझीच," मिस्त्री म्हणाले.

इंदुबाईंनी चहा ठेवला आणि त्या आत गेल्या. पुढचे दोन महिने त्या रोज दोरी बांधून देत राहिल्या, पण "हे काय, लोणचं हाय?" असं मिस्त्रींनी पुन्हा म्हटलं, की त्या हसत नसत.

खंडेनवमीला कारखाना सारवला गेला. मिस्त्रींनी पाटावर करवत, रंधे, पटाश्या, गुण्या आणि शिकंजा मांडला. इंदुबाईंनी हळदकुंकवाचं ताट आणलं, इतक्यात आत्माराम चुलतभावाच्या पेटीचं काम घेऊन दारात आला. मिस्त्री उठले, खुंटीवरची दोरी आणि काठी काढून त्यांनी शिकंज्याच्या शेजारी ठेवली.

"तांडेल, गाठ हिची हाय. माझा हात मे महिन्यातच गेला. सातपाटीला जायचं तर जा."

आत्मारामाने चपला काढल्या.

"ते मला तवाच कळलं. तुमी गाठ मारलेली शिडी मी मे महिन्यात बघितलीय." मग तो इंदुबाईंकडे वळला. "वयनी, चुलतभावाचं काम सांगू कोणाला?"

इंदुबाईंनी दोरीला कुंकू लावलं, काठीलाही लावलं.

"फळ्यांचं त्यांना सांगा," त्या म्हणाल्या, "आणि कधी न्यायचं ते मला विचारा."