पट्टेरी गाय, रंग काळा

जनावरांच्या दवाखान्यात औषधं संपतात, पण किस्से कधी आउट ऑफ स्टॉक होत नाहीत! माजलगाव तालुक्यातल्या आमच्या दवाखान्यात तर पट्टेरी जनावरांचाच साठा मोठा.

शेवंतामावशींची गाय तांबडी, अंगभर काळे पट्टे. तिच्या दुधावरच मावशींचं घर चालतं. कानात बिल्ला मारून मी मोबाइलवर नोंद करायला बसलो. रंगाला पर्याय तीनच: काळा, पांढरा, तांबडा. डॉक्टरसाहेब मान वर न करता म्हणाले, "काळा टाका. वरच्यांना कुठं धार काढायचीय?"

मावशी भडकल्या. "डोळे फुटले का रं? उद्या चोरीला गेली तर काय सांगू?" मी हसलो आणि 'काळा'च टाकलं.

पुढच्या महिन्यात "उसात वाघ!" म्हणून फोन. शाळा बंद, व्हॉट्सअॅपवर फोटो. आम्ही जाळी घेऊन पोचलो, तर वाघ शेपूट हलवत आला आणि सरपंचांचे पाय चाटायला लागला. त्यांचाच पट्टेरी कुत्रा! सरपंच म्हणाले, "घरी साखळीला असतो. उसात कधी बघितलाच न्हाई!"

मग डॉक्टरसाहेब ट्रेनिंगहून आले. पांढरे पट्टे मारले की म्हणे माश्या बसत नाहीत. प्रयोगाला गफूरभाईंची म्हैस सापडली, तिला चुन्याचे पट्टे मारले. दोन दिवसांनी गफूरभाई हजर. "साहेब, माश्या गेल्या, पर आता लोक बघायला यायलेत. माश्या परवडल्या, चहा तरी मागत नव्हत्या!"

आणि मावशींची गाय खरंच चोरीला गेली. आठ दिवस वासरू हंबरत होतं. मला तर मावशींसमोर जायची लाज वाटायची.

नवव्या दिवशी गेवराईच्या बाजारात मावशींनी एका गायीचा कासरा धरला. गाय काळीकुट्ट, कानात बिल्ला नाही. "चालीवरनं वळखली! माझी पट्ट्याची गाय हाय ही!"

गलका ऐकून पोलीस जमादार आले. विकणारा खो खो हसला. "जमादारसाहेब, बघा की! हिची पट्ट्याची, माझी काळी. कुठं पट्टा दिसतो का?"

जमादारांनी मला बोलावून नोंद मागितली. मी घाम पुसत मोबाइल पुढं केला.

जमादारांनी मोठ्यानं वाचलं, "शेवंताबाईंची गाय. रंग काळा." मग गायीकडं बघितलं. "जमतंय की! मावशी, न्या तुमची गाय."

त्या गड्याचा तोल गेला. "आवो साहेब, नोंद खोटी हाय! ही गाय काळी न्हाईच! धुऊन बघा, मी सवता कलप लावलाय!"